तुम्ही याला किती ओळखता?

दोन वर्षांपूर्वी, ऑफिसच्या किचनमध्ये चहाचं पाणी उकळायची वाट बघत असताना टीममधल्या एकाने मला विचारलं, "माझ्या बंदुकीच्या परवान्याला रेफरी होशील?"

रेफरी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शिट्टी घेतलेला माणूस येतो. इथे, न्यूझीलंडमध्ये, बंदुकीचा परवाना हवा असेल तर दोन माणसं पोलिसांपुढे उभी करावी लागतात. एक नवरा, बायको, जोडीदार किंवा जवळचं नातलग. दुसरी नात्याबाहेरची, पण अर्जदाराला नीट ओळखणारी. पोलिसांची माणसं या दोघांशी बोलतात आणि त्यांच्या सांगण्याचा निर्णयात विचार होतो. मला ती दुसरी व्यक्ती व्हायचं होतं. हा मुलगा साउथलंडचा, म्हणजे या देशाच्या दक्षिण टोकाचा. लहानपणापासून वडिलांबरोबर हरणांच्या मागे डोंगर चढलेला. त्याच्या मते हे पासपोर्टच्या अर्जावर सही करण्याइतकं साधं काम होतं.

मी "बघते" म्हणाले. आपल्याकडे "बघते" म्हणजे काय ते आपल्याला कळतं, त्याला कळलं नाही. तो "थँक्स" म्हणून गेला.

मी राहते ख्राइस्टचर्चला. ऑफिसला सायकलने जाताना वाटेत हॅगली पार्क लागतं आणि त्याच्या कडेने डीन्स ॲव्हेन्यू. तिथे अल नूर मशीद आहे. १५ मार्च २०१९ च्या दुपारी एक माणूस तिथे शिरला, नंतर लिनवुडच्या मशिदीत गेला, आणि त्या दिवशीच्या गोळीबाराने एकूण ५१ जणांचे जीव घेतले. त्या माणसाकडे बंदुकीचा रीतसर परवाना होता. पोलिसांनी दिलेला, मुलाखती घेऊन, दोन रेफरींशी बोलून. मी तेव्हा पुण्यात होते, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. बातमी पाहिली आणि सबमिशनच्या गडबडीत विसरले. आता रोज त्या मशिदीवरून जाते. "होशील का रेफरी?" या प्रश्नाचं वजन मला जरा वेगळं लागलं, ते यामुळे.

म्हणून मग वाचत बसले. चार आठवड्यांच्या संध्याकाळी त्यात गेल्या. बंदूक कोणाच्या हातात द्यावी हे पोलिसांनी ठरवायचं, पण त्या माणसाला ओळखतात मात्र शेजारीपाजारी. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना किती विचारायचं आणि त्यांच्यातल्या नेमक्या कोणाला? या एका गाठीभोवती या छोट्या देशाचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास फिरतो आहे.

सुरुवात आपल्यासारखीच आहे. १८४५ साली, उत्तरेकडे होने हेके या माओरी सरदाराशी इंग्रजांची लढाई चालू असताना, वसाहतीच्या सरकारने शस्त्रांच्या आयातीवर आणि विक्रीवर निर्बंध घालणारा वटहुकूम काढला. हेतू उघड होता: माओरींच्या हाती बंदुका आणि दारू पडू नये. आपल्याकडे १८७८ चा शस्त्र कायदा आला तो लॉर्ड लिटनच्या काळात, देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला त्याच वर्षी. त्यात युरोपीयांना सूट आणि हिंदी माणसाला परवान्याची अट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांमध्ये या कायद्याविरुद्ध ठराव होत, हे आज अहिंसेच्या धड्यांमध्ये हरवून जातं. सांगायचं एवढंच, की दोन्हीकडे शस्त्र कायद्याचा पहिला प्रश्न "हा माणूस कसा आहे?" असा नव्हताच. "हा माणूस कोणाचा आहे?" असा होता. आणि ती सवय सहज जात नाही. २००७ मध्ये उरेवेरा भागात पोलिसांनी धाडी घातल्या, रुआतोकीच्या रस्त्यावर अडथळे उभे करून माओरी कुटुंबांना थांबवलं, तेव्हा माओरी घरांमध्ये जुन्या गोष्टी पुन्हा निघाल्या.

गोऱ्या माणसाची बंदूक सरकारला पहिल्यांदा खुपली ती पहिल्या महायुद्धानंतर. सैनिक परतले होते, सोबत हत्यारं आली होती, १९१२-१३ च्या संपांची आठवण ताजी होती आणि रशियात क्रांती झालेली. १९२० च्या कायद्याने बंदुकांची नोंदणी आली. म्हणजे यादी. कुठली बंदूक, कुठला नंबर, कोणाकडे. पुढची साठेक वर्षं ही यादी कमीजास्त स्वरूपात चालली. मधे १९३० साली शॉटगनांना तिच्यातून वगळलं गेलं.

ज्यांनी कुठल्याही कंपनीत जुना डेटाबेस सांभाळला आहे त्यांना पुढची गोष्ट सांगायची गरज नाही. माणसं मेली, बंदुका मुलांकडे गेल्या, कोणी घर बदललं, कोणी मित्राला देऊन टाकली, आणि कागदावर सगळं जिथल्या तिथे राहिलं. १९८० च्या सुमारास पोलिसांनी स्वतःच तपासून पाहिलं तेव्हा यादी मोठ्या प्रमाणावर चुकीची निघाली. ती दुरुस्त करायची तर खर्च आणि मनुष्यबळ अफाट लागणार. मग पोलिसांनीच वेगळा विचार मांडला: बंदुका मोजत बसण्यापेक्षा माणूस पारखावा. माणूस ठीक असेल तर त्याच्याकडे एक बंदूक आहे की सहा, याने काय फरक पडतो?

हा विचार १९८३ च्या आर्म्स ॲक्टमध्ये उतरला. पिस्तुलं आणि काही विशेष हत्यारं सोडली तर साध्या लांब नळीच्या बंदुकांची नोंदणी बंद. त्याऐवजी माणसाला परवाना, तो "योग्य आणि लायक" आहे की नाही हे पाहून, आणि एकदा मिळाला की जन्मभर. मला हा निर्णय वाचताना तो मूर्खपणाचा मुळीच वाटला नाही. चुकीची यादी असण्यापेक्षा यादी नसलेली बरी, हे कुठलाही इंजिनिअर मान्य करेल. पण यात एक गोष्ट गृहीत धरली होती. माणूस पारखणारं कोणीतरी आहे आणि त्याला ते जमतं, ही ती गोष्ट. सगळा भार आता तिच्यावर आला.

इथे स्वयंसेवक येतात. या देशात माउंटन सेफ्टी कौन्सिल नावाची संस्था १९६५ पासून आहे. डोंगरात, नद्यांमध्ये आणि शिकारीत माणसं मरत, ती मरू नयेत म्हणून निघालेली. न्यूझीलंडमध्ये वटवाघळं सोडली तर मूळचा जमिनीवरचा सस्तन प्राणीच नाही. हरणं गोऱ्यांनी हौसेने आणली, ती बेसुमार वाढली, जंगलं खाऊ लागली, आणि १९३० नंतर सरकारला पगारी हरीणमारे नेमावे लागले. त्यामुळे शिकार ही इथे राजेरजवाड्यांची चैन कधी नव्हती. सुताराची, शेतकऱ्याची, शाळामास्तरांची शनिवार-रविवारची गोष्ट होती. आणि दाट रानात शिकारी हरीण समजून दुसऱ्या शिकाऱ्यावरच गोळी झाडत. बऱ्याचदा तो दुसरा शिकारी त्याचा सोबतीच असे. बंदूक सुरक्षिततेचे इथले सात नियम पाठ करताना चौथ्या नियमावर सगळे थांबतात तो यासाठी: लक्ष्य काय आहे याची तिळमात्र शंका असेपर्यंत चाप ओढू नका.

परवाना हवा असणाऱ्याने हे नियम शिकायचे आणि परीक्षा द्यायची. शिकवायला कोण? वर्षानुवर्षं हे काम कौन्सिलच्या स्वयंसेवकांनी पोलिसांच्या वतीने केलं. गावोगावच्या सभागृहात, संध्याकाळी, बिनपगारी. माझ्या सहकाऱ्याच्या वडिलांना ज्याने शिकवलं तो गावातला पोस्टमन होता म्हणे. अशा माणसाच्या हातून एका पिढीतली गावातली निम्मी पोरं गेलेली असत. पोलिसाला गावात कोण कसा आहे हे कळायला हा पोस्टमन पुरेसा होता. कुठल्याही कायद्यात "स्वयंसेवकाने अर्जदाराचा स्वभाव पाहावा" असं लिहिलेलं नव्हतं, पण दोन तास समोर बसलेला मुलगा बंदूक हातात आल्यावर कसा वागतो हे त्याला दिसायचंच.

वाचता वाचता मला घरची आठवण झाली. आमचं गाव सिंधुदुर्गात. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. आमच्या जिल्ह्यात अशा बंदुका घरोघरी नसल्या तरी वाडीवाडीत असतात. रानडुकरं भातात शिरतात, माकडं नारळ-केळींची नासधूस करतात, आता गवेही येतात. आजोबांची बंदूक माझ्या आठवणीत दोनदाच वाजली आणि दोन्ही वेळा फक्त आवाजासाठी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. आजोबा कुरकुरायचे. "डुकरांका आचारसंहिता लागू जाता काय?"

मी आईला फोन करून विचारलं, आजोबांना परवाना मिळाला तेव्हा चौकशी कोणी केली होती? आई म्हणाली, "पोलीस पाटलांनी. आणखी कोण करणार? त्यांनी सांगितलं माणूस चांगला आहे, झालं." फोन स्पीकरवर होता. मागून आजीचा आवाज आला, "तुका बंदूक कित्याक होयी?"

पोलीस पाटील ही संस्था मला आता फार विलक्षण वाटते. वतनी पाटीलकी गेल्यावर १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने तिला आजचं रूप दिलं. सरकार नेमतं, मानधन देतं, पण माणूस गावचाच. वर्दी नाही. गावात कोण कोणाशी भांडतो, कोणाचं दारूचं प्रमाण वाढलंय, कोणाचा बांधावरून वाद आहे, हे त्याला ठाऊक असतं आणि ते पोलिसांना सांगणं हे त्याचं कामच. अर्थात तो स्वतः त्या भांडणांपैकी एखाद्यात असतो, हीच त्यातली ग्यानबाची मेख. गावात ज्याच्याशी पाटलाचं पटत नाही त्याचा माणूसपणाचा दाखला कसा येत असेल? आजोबांचं पाटलांशी पटत होतं. दोघांचं भजनी मंडळ एक.

तर परत न्यूझीलंडला. १३ नोव्हेंबर १९९० ला दुनेडिनजवळच्या आरामोआना या समुद्रकाठच्या चिमुकल्या वस्तीत एका रहिवाशाने शेजाऱ्यांवर गोळ्या झाडायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला ठार केलं तोवर १३ जण गेले होते, त्यांत एक पोलीस सार्जंट आणि लहान मुलंही. मारेकरी एकटा राहणारा, परवानाधारक. त्याच वर्षी दुनेडिनमधल्या एका पुस्तकांच्या दुकानात त्याने धाकदपटशा केला होता आणि दुकानाने त्याला यायला बंदी केली होती. म्हणजे कुठेतरी, कोणालातरी, तो बदलल्याचं दिसलं होतं. पण परवाना जन्मभराचा होता. तो देताना माणूस पारखला असेलही, त्यानंतर पुन्हा पारखायची सोयच नव्हती. माणूस एकदा तपासला की कायमचा तपासला, असं धरून चाललेली ती व्यवस्था होती.

१९९२ ची दुरुस्ती यातून आली. परवान्यावर फोटो, दहा वर्षांची मुदत, बंदूक कुलपात ठेवण्याची अट, आणि लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांसाठी वेगळा शिक्का. जुन्या सगळ्या परवानाधारकांना पुन्हा बोलावलं गेलं. पुष्कळजण आलेच नाहीत. काही मेले असतील, काहींनी बंदुका विकल्या असतील, काहींना सरकारने दिलेला जन्मभराचा शब्द मोडलेला आवडला नसेल. आणि नोंदणी नसल्याने त्यांच्या घरात काय आहे हे शोधायला मार्ग नव्हता.

याच सुमारास ब्रिटनचा हात दुसरीकडून पोळला. १९८७ मध्ये हंगरफर्डला १६ जण मारले गेले, त्यानंतरच्या १९८८ च्या कायद्याने गृहमंत्र्यांना सल्ला देणारी एक समिती नेमली गेली, बंदुकांची माहिती असलेल्या लोकांची. आणि तरी १३ मार्च १९९६ ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. तो मारेकरीही परवानाधारक. पालकांनी वर्षानुवर्षं त्याच्या मुलांच्या शिबिरांबद्दल तक्रारी केल्या होत्या. १९९१ मध्ये एका पोलीस सार्जंटने हा माणूस बंदूक बाळगायला लायक नाही असं लेखी कळवलं होतं, वरिष्ठांनी ते बाजूला ठेवलं. लॉर्ड कलन यांच्या चौकशीत हे सगळं बाहेर आलं. परवान्याच्या अर्जावर एका प्रतिष्ठित माणसाची प्रतिसही घेण्याची तिथली जुनी पद्धत होती. ती रद्द होऊन दोन रेफरींची पद्धत आली. माझ्या सहकाऱ्याने माझ्यापुढे टाकलेल्या प्रश्नाचं एक मूळ असंही आहे: सही देणारा "प्रतिष्ठित" असून भागत नाही, तो ओळखणारा हवा.

न्यूझीलंडने डनब्लेननंतर निवृत्त न्यायाधीश सर थॉमस थॉर्प यांना कायद्याचा आढावा घ्यायला बसवलं. १९९७ मध्ये त्यांचा अहवाल आला. बंदुकांची नोंदणी पुन्हा आणा, लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंधनं आणा, आणि परवान्यांचं काम पोलिसांकडून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे द्या, हा त्याचा गाभा. यातलं फारसं काही झालं नाही. बंदूकधारकांच्या संघटनांचा विरोध होता, राजकारण्यांना उत्साह नव्हता आणि अहवाल कपाटात गेला. २२ वर्षं.

या २२ वर्षांत पोलीस सल्ला घेत नव्हते असं नाही. उलट भरपूर घेत होते. बंदूक समाजाशी बोलण्यासाठी पोलिसांचं एक सल्लागार मंचच होतं. हरीण शिकाऱ्यांची संघटना, पिस्तूल नेमबाज, जुन्या हत्यारांचे संग्राहक, विक्रेते, शेतकरी, माउंटन सेफ्टी कौन्सिल असे प्रतिनिधी आणि पोलीस एका टेबलाभोवती बसत. नियमांची भाषा, परीक्षेतले प्रश्न, तिजोरीची जाडी, सगळ्यांवर चर्चा होई. ही माणसं आपला वेळ देत होती आणि त्यांचं ज्ञान खरं होतं. कुठली बंदूक किती सेकंदांत अर्धस्वयंचलितची दुसरी चीज बनते हे पोलिसांपेक्षा त्यांना जास्त कळत होतं.

पण टेबलाभोवती कोण नव्हतं ते पाहा. बंदूक नसलेलं कोणी नव्हतं. इथल्या लोकसंख्येत परवानाधारक सुमारे अडीच लाख, लोकसंख्या पन्नास लाख. उरलेल्या साडेसत्तेचाळीस लाखांतला एकही माणूस "समाज" या शब्दात बसत नव्हता. नवऱ्याच्या कपाटातल्या रायफलीला घाबरणारी बाई नव्हती, डॉक्टर नव्हते, आणि शुक्रवारी दुपारी डीन्स ॲव्हेन्यूवर चपला काढून आत जाणारे लोक तर नव्हतेच. मी यात कोणाचा कट बघत नाही. पोलिसांनी जाणकारांना बोलावलं आणि जाणकार म्हणजे वापरणारे, इतकं साधं ते होतं. आमच्याकडे सॉफ्टवेअर बनवताना हीच चूक रोज होते. आम्ही "युजर"ला विचारतो. ज्याच्यावर त्या सॉफ्टवेअरचा परिणाम होणार आहे पण जो ते कधी उघडणार नाही, त्याला विचारायला आम्हाला सुचत नाही.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये एक ऑस्ट्रेलियन तरुण दुनेडिनला राहायला आला. काही दिवसांतच त्याने परवान्यासाठी अर्ज केला, नोव्हेंबरमध्ये परवाना मिळाला. पुढे रॉयल कमिशनने ही सगळी प्रक्रिया पानोपान तपासली आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये तो अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातलं परवान्याचं प्रकरण मी दोनदा वाचलं. जवळचं नातलग म्हणून त्याने आपल्या बहिणीचं नाव दिलं होतं. ती ऑस्ट्रेलियात. प्रत्यक्ष भेटणं शक्य नाही म्हणून त्याच्याकडे दुसरं नाव मागितलं गेलं. अखेर दोन रेफरी झाले ते असे: एक ऑनलाइन गेम खेळताना ओळख झालेला मित्र आणि दुसरं त्या मित्राचे पालक. मित्राशी ओळख जुनी, पण प्रत्यक्ष सहवास मोजक्या दिवसांचा. पालकांची ओळख त्याहून तुटपुंजी. ते दोघे खोटं बोलले असं कोणी म्हटलेलं नाही. त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं त्यांनी सांगितलं. जेवढं माहीत होतं तेवढ्यात काही वावगं नव्हतं.

कमिशनने ठपका ठेवला तो पोलिसांच्या परवाना व्यवस्थेवर. पडताळणी करणाऱ्यांना पुरेसं प्रशिक्षण नव्हतं, नातलग नसेल तर काय करायचं याची मार्गदर्शक टिपणं अपुरी होती. सामान्य परवान्यावर त्याला अर्धस्वयंचलित रायफली घेता आल्या आणि जास्त गोळ्यांची मॅगझिनं कोणीही परवान्याशिवाय घेऊ शकत होतं. २०१८ च्या जुलैमध्ये स्वतःच्याच बंदुकीची इजा होऊन तो दवाखान्यात गेला होता. ते पोलिसांना कळवण्याचं बंधन डॉक्टरांवर नव्हतं, त्यामुळे कळलं नाही. कमिशनच्या ४४ शिफारशींपैकी एक वाचून मला गलबलून आलं, इतकी ती साधी होती: अर्जदाराचे जवळचे लोक परदेशात असतील तर तंत्रज्ञान वापरून त्यांच्याशी बोला. म्हणजे व्हिडिओ कॉल. जो मी दर रविवारी आजीला करते.

नंतरचं सगळं वेगाने झालं. १० एप्रिल २०१९ ला, म्हणजे महिन्याच्या आत, बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदीचा कायदा ११९ विरुद्ध १ मतांनी झाला. सरकारने पैसे देऊन ५६ हजारांवर बंदुका परत घेतल्या. २०२० च्या कायद्याने नोंदणी परत आणायचं ठरलं, पहिला परवाना पाच वर्षांचा झाला. "लायक माणूस" म्हणजे काय हे कायद्यात पहिल्यांदा फोडून लिहिलं गेलं आणि त्यात हिंसा, द्वेष, अतिरेकी वृत्ती हे शब्द आले. मंत्र्यांना सल्ला देणारा एक गट कायद्यानेच नेमला गेला आणि त्यात बंदूकवाल्यांबरोबर बंदूक नसलेल्या समाजाची माणसंही असतील असं लिहिलं गेलं. एवढं एक वाक्य कायद्यात यायला १८४५ पासून १७५ वर्षं लागली.

बंदूकधारकांची बाजूही सांगायला हवी, कारण ती खोटी नाही. लाखो लोकांनी नियम पाळले आणि एका परक्याच्या गुन्ह्याची शिक्षा त्यांना झाली असं त्यांना वाटलं. शिवाय यादी. २०१९ च्या डिसेंबरमध्ये बंदुका परत घेण्याच्या ऑनलाइन यंत्रणेत एका अपडेटमुळे विक्रेत्यांना इतरांची खाजगी माहिती दिसू लागली, यंत्रणा घाईने बंद करावी लागली. कोणाच्या घरी बंदुका आहेत याची यादी चोराच्या दृष्टीने काय असते ते सांगायला नको. २०२२ मध्ये ऑकलंडच्या एका रिकाम्या जुन्या पोलीस ठाण्यातून परवान्यांचे जुने कागद चोरीला गेले. आमच्या धंद्यात असं काही झालं की एक शांत ईमेल येतो आणि सगळे पासवर्ड बदलतात. घराचा पत्ता असा बदलत नाही. १९८३ मध्ये यादी सोडून देणारे लोक अगदीच चुकीचे नव्हते, हे मला इथे पुन्हा पटलं.

आणि इतिहासाला स्वतःचा विनोद असतो. २०२३ च्या अखेरीस सरकार बदललं आणि बंदुकांच्या कायद्याची जबाबदारी आली निकोल मॅकी यांच्याकडे. त्या बंदूकधारकांच्या परिषदेच्या प्रवक्त्या होत्या आणि त्याआधी माउंटन सेफ्टी कौन्सिलमध्ये बंदूक सुरक्षितता शिकवणाऱ्या स्वयंसेवकांचं काम बघत होत्या. सभागृहात संध्याकाळी शिकवणाऱ्यांच्या जगातून आलेली व्यक्ती आर्म्स ॲक्ट नव्याने लिहून घ्यायला बसली. काहींना हा लबाडाघरचं आवतण वाटतो, काहींना शेवटी काम समजणारं कोणी आलं असं वाटतं. मला दोन्ही वाटतं, दिवसागणिक.

एवढं वाचून झाल्यावर मी सहकाऱ्याला सांगितलं की मी त्याला ओळखत नाही. तो हसला. दोन वर्षं रोज सकाळच्या मीटिंगला आम्ही एकमेकांची तोंडं बघत होतो, त्यातले निम्मे दिवस स्क्रीनवर. त्याचा कोड मी ओळखते. घाईत असला की चाचण्या लिहायच्या टाळतो, चूक दाखवली की तासाभराने मान्य करतो, तोवर गप्प असतो. पण घरी चिडल्यावर तो काय करतो? पितो किती? झोप लागते का? मी म्हटलं, तू मला आधी घरी बोलाव.

त्याला ते विचित्र वाटलं असणार, पण त्याने बोलावलं. एकदा नाही, त्या हिवाळ्यात चारपाच वेळा. त्याच्या जोडीदाराला भेटले. तिने त्याच्या लहानपणी वारलेल्या भावाबद्दल सांगितलं, जे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं. भिंतीत बोल्ट मारलेली पोलादी तिजोरी पाहिली, रिकामी. त्याच्या वडिलांना फोनवर भेटले. त्यांनी मला पोस्टमनची गोष्ट सांगितली. एका रात्री रग्बीची मॅच हरल्यावर तो कसा वागतो तेही पाहिलं. रिमोट सोफ्यावर आपटला आणि भांडी घासायला गेला.

पडताळणीच्या बाई सप्टेंबरात आल्या. साठीच्या, हातात क्लिपबोर्ड, गावाकडच्या शाळेतल्या बाईंसारख्या. माझ्या छोट्या फ्लॅटमध्ये खुर्चीवर बसून तासभर प्रश्न विचारले. दारू, राग, कर्ज, नैराश्य, कोणत्या लोकांबद्दल तो वाईट बोलतो का. किती दिवस ओळखता आणि कुठे भेटता? मी सगळं सांगितलं, "पहिली दोन वर्षं ओळखत नव्हते" हेही. त्यांनी ते लिहून घेतलं. शेवटी विचारलं, "हा तुमच्या शेजारच्या घरात बंदूक घेऊन राहायला आला तर तुम्हाला चालेल?"

मी जरा वेळ घेतला. मग "हो" म्हटलं.

त्या उठल्या, क्लिपबोर्ड पिशवीत टाकला आणि दारात थांबून एक नंबर दिला. पाच वर्षांत कधीही काही बदललं असं वाटलं तर यावर फोन करा म्हणाल्या. मी तो मोबाइलमध्ये ठेवला आहे. कुठल्या नावाने ठेवावा ते सुचेना, म्हणून "पोलीस पाटील" लिहिलंय.